शाकाहारी घरातला मासळीचा वास

पत्राचा सारांश

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांत पाच माणसं राहतात: सासू-सासरे, नवरा, पत्र लिहिणारी सून आणि कॉलेजात जाणारी मुलगी. वाडा चुलत घराण्यांत सामाईक आहे आणि वाटणीचा दावा कोर्टात आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत आखडतात, म्हणून डिसेंबरात दोन हजार वॉटचा ब्लोअर हीटर आणला. तो बैठकीत संध्याकाळी सात ते बारा चालतो. सासरे पेन्शनवर आहेत आणि विजेच्या बिलांची फाइल ठेवतात. गिझर फार वीज खातो म्हणून अंघोळीचं पाणी ते रॉडवर तापवायला लावतात, आणि पाणी झालं का ते बादलीत बोट घालून बघतात. संध्याकाळी हीटर, रॉड आणि इस्त्री एकदम चालू झाली की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडायचा. नवऱ्यानं ओळखीच्या मिस्त्रीकडून १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवून घेतला. तेव्हापासून तो एकदाही पडलेला नाही.

नोव्हेंबरात १२८ युनिट जळाले होते, जानेवारीत ४७१. घरात रोज त्यावरून बोलणं होतं. पत्रलेखिका विचारतात: कोणतं उपकरण बंद करू? ग्वाल्हेरचा व्यापार मेळा चालू आहे, तिथून कमी बिलाचा हीटर आणू का? सामाईक वाड्याच्या वायरिंगवर आपण पैसे घालावेत का? आणि शेवटी एक ओळ: 'आठ दिवसांपासून सासूबाई म्हणतात, बैठकीत मासळीचा वास येतो. आमच्याकडे अंडंही येत नाही. हीटरच्या सॉकेटचं तोंड जरा तपकिरी झालंय. मी बोलले तर सगळे म्हणतात, तू उगीच घाबरतेस.'

उत्तर

ताई, वासाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत. मी सुरुवात तिथूनच करते, कारण बाकीच्या प्रश्नांना आठवडाभर वेळ आहे, याला नाही.

सॉकेट, प्लग, स्विच ज्या बेकलाइटसारख्या कडक प्लॅस्टिकचे बनतात, ते फार तापलं की त्यातून मासळीसारखा, कधी कधी लघवीसारखा वास येतो. जळका वास त्यानंतर येतो, आणि ज्वाळा त्याच्याही नंतर. सासूबाईंचं नाक बरोबर आहे. त्यांना सांगा की शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही, वास आपल्याच भिंतीतून येतोय. तपकिरी तोंड आणि हा वास एकत्र असेल तर ते सॉकेट आतून करपतंय असंच समजायचं. हे वाचून झालं की मेन स्विच बंद करा, हीटरची पिन काढा, आणि त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून टाका. स्वतः उघडू नका. वायरमन येऊन सॉकेट बदलून, मागची करपलेली तार कापून जाईपर्यंत त्यात मोबाइलचा चार्जरसुद्धा लावायचा नाही.

मी इंदूरला माझ्या मावशीकडे असं सॉकेट उघडताना पाहिलं आहे. मेन बंद करून वायरमननं झाकण काढलं, तर आतला स्क्रू पेचकस लावायच्या आधीच बोटानं फिरला. तारेवरचं आवरण दोन इंच करपून भुगा झालेलं, तांब्यावर काळपट निळी झाक, आणि आतल्या पितळी पट्टीचा ताण इतका गेलेला की पिन घातली तरी आपोआप बाहेर सरकत होती. बाहेरून मात्र फक्त एक तपकिरी डाग होता. मावशी तो दर दिवाळीला साबणानं पुसत असे.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे घरात समजावून सांगता येईल. तुमचा हीटर दोन हजार वॉटचा. २३० व्होल्टवर तो जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. स्क्रू घट्ट असेल, पिन नीट बसत असेल, तर एवढा प्रवाह १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटमधून सहज जातो. पण स्क्रू सैल झाला आणि त्या जागी नुसता अर्धा ओहम अडथळा तयार झाला, तर तिथे अडतीस वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा साधा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो. म्हणजे रोज संध्याकाळी पाच तास तुमच्या भिंतीत, लाकडी चौकटीला लागून, एक तापलेला सोल्डरिंग आयर्न ठेवलेला असतो. हीटरची मोठी पिन कन्व्हर्टर लावून लहान सहा अँपिअरच्या सॉकेटात घातली असेल, किंवा मध्ये बारीक वायरचं एक्स्टेंशन बोर्ड असेल, तर हे आणखी लवकर होतं. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते पत्रात नाही, पण बघून घ्या.

आता एमसीबी. तुमच्या घरात सगळे असं धरून चालले आहेत की पडणारा एमसीबी हा बिघाड होता आणि न पडणारा ही दुरुस्ती. मला नेमकं उलटं दिसतं. एमसीबी हीटरच्या रक्षणासाठी नसतो, आणि माणसाला शॉक बसू नये म्हणूनही नसतो. तो भिंतीत गाडलेल्या तारेसाठी असतो. तार जेवढा भार सोसते त्याच्या थोडं आधी त्यानं पडावं, एवढंच त्याचं काम. सात वाजता हीटर ८.७, रॉड दीड हजार वॉटचा धरला तर ६.५, इस्त्री हजार वॉटची म्हणून ४.३, वर फ्रिज, टीव्ही, दिवे: एकवीस-बावीस अँपिअर झाले. जुन्या घरांत खोल्यांना बहुतेक 'दीडची' वायर असते, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, आणि पाइपातून गेलेली तांब्याची दीडची वायर साधारण पंधरा अँपिअरच्या आसपासच सोसते. तुमचा १६ चा एमसीबी रोज संध्याकाळी हेच सांगत होता.

३२ चा एमसीबी काय करतो? प्रमाणानुसार एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला पडत नाही, आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडलाच पाहिजे. ३२ चं गणित केलं तर छत्तीस अँपिअर तो खुशाल वाहू देईल, आणि शेहेचाळीस अँपिअरलाही तासभर लावू शकेल. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंशांची. रोज त्यापलीकडे तापलं की आवरण कडक होतं, चिरा पडतात, आणि एक दिवस फेज-न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी तार, एकमेकांना टेकतात. जुन्या काळी किटकॅट फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळायचे, तसंच हे झालं. म्हणून सॉकेटबरोबरच १६ चा एमसीबी परत बसवून घ्या. तार दीडची निघाली, किंवा ॲल्युमिनिअमची निघाली (जुन्या घरांत ती सापडते, आणि तिचे जोड वर्षांनुवर्षं सैल होत जातात), तर वायरमन १० चाही सुचवेल. त्याचं ऐका.

एमसीबी कसा पडतो यावरूनही बरंच कळतं. दहा-वीस मिनिटांनी पडला तर भार जास्त झालाय. बटण दाबताक्षणी पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

हे झालं आजचं. आता बिलाकडे वळू.

सासऱ्यांचा संशय गिझरवर आहे, मला वाटतं तुमचाही थोडा असावा. हिशेब मांडून बघा. हजार वॉट एक तास चाललं की एक युनिट. हीटर दोन हजार वॉट, पाच तास: रोज दहा युनिट, महिन्याला तीनशे. तुमच्या बैठकीचं छत उंच असणार, दारं-खिडक्या जुन्या, म्हणून थर्मोस्टॅट त्याला थांबवतच नसेल. नोव्हेंबर ते जानेवारी ३४३ युनिट वाढले, त्यातले तीनशे इथे सापडले. उरलेले चाळीसेक पाणी जास्त गार झाल्यामुळे. युनिटला सरासरी सात रुपये धरले तर एकटा हीटर महिन्याला एकवीसशे रुपयांचा आहे.

रुपयांतली उडी युनिटांपेक्षा मोठी वाटली असेल, त्याचं कारण वेगळं. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये पडतात. नोव्हेंबरात तुम्ही त्या रेषेच्या आत होता. जानेवारीत बाहेर गेलात, सवलत गेली, वर वरच्या टप्प्यांचा दर लागला. फाइल काढून दोन्ही बिलं शेजारी ठेवा, सवलतीची ओळ एका बिलावर असेल आणि दुसऱ्यावर नसेल.

रॉड आणि गिझरचं भांडण मात्र मिटवून टाका, कारण वीज वाचवण्यात दोघांत जवळपास फरक नाही. पंधरा लिटरची बादली, नळाचं पाणी बारा अंश, अंघोळीला चाळीस अंश हवं, तर त्याला साधारण अर्धा युनिट लागतो. रॉडनं तापवा, गिझरनं तापवा, अर्धा युनिटच. पाणी किती तापायचं त्यावर वीज ठरते, यंत्रावर नाही. गिझर महाग पडतो तो दिवसभर चालू ठेवला तर, कारण टाकी गार होत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. वीस मिनिटं आधी लावायचा, थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर ठेवायचा, पाठोपाठ अंघोळी उरकायच्या आणि बंद करायचा. बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या कॉइलवर क्षार चढतात, दोन वर्षांतून एकदा साफ करून घ्या.

रॉडमध्ये वीज वाचत नाही, आणि धोका मात्र मोठा. खरं सांगते, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात भीती वाटली ती ओळ आगीची नाही, तुमच्या सासऱ्यांच्या, बाबांच्या बोटाची आहे. रॉडचं आवरण आतून फुटलं असेल आणि घरात अर्थिंग नसेल (जुन्या वाड्यांत बहुधा नसतंच), तर रॉड चालू असताना त्या पाण्यात बोट घालणं म्हणजे फेजला हात लावणं. वर पाय ओल्या फरशीवर. एमसीबी अशा वेळी माणसाला वाचवत नाही, त्याला तेवढा प्रवाह जाणवतही नाही. वाचवतो तो आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचा. जेवढा प्रवाह गेला तेवढा परत आला नाही की तो क्षणात लाइन तोडतो. अर्थिंग नसलेल्या घरातही तो काम करतो, म्हणून जुन्या घरात तो आधी बसवावा. मात्र अर्थिंग लागतंच, ते टाळायचं निमित्त म्हणून तो बसवायचा नाही. जुन्या वायरिंगवर लावला तर सुरुवातीला वारंवार पडेल, कारण ओल किंवा चुकीचे जोड कुठेतरी असतात. ते शोधून काढायला लावा. 'काढून टाकतो, त्रास नको' असं मिस्त्री म्हणाला तर नको म्हणा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

तोवर रॉड वापरावाच लागला तर नियम एकच: आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्याला हात. बादली लोखंडी नको, आणि रॉडवरच्या खुणेच्या खाली पाणी नको. बाबांना हे कसं सांगायचं? माझं मत असं की 'बाबा, तसं करू नका' म्हणण्यापेक्षा त्यांना स्वयंपाकघरातला एखादा थर्मामीटर आणून द्या. आकड्यांचा माणूस आहे, आकडा बघायला आवडेल. आणि मीटरची वही त्यांच्याकडे सोपवा. सात वाजता मीटरचं रीडिंग, बारा वाजता रीडिंग, वजाबाकी. आठ दिवसांत त्यांनाच दिसेल की बिल न्हाणीघरात वाढलेलं नाही, बैठकीत वाढलंय. तुम्ही सांगितलेलं ऐकणं त्यांना जड जाईल, स्वतःच्या वहीतलं नाही.

मग हीटर बंद करायचा का? नाही. सासूबाईंचे गुडघे आहेत, ग्वाल्हेरची जानेवारी आहे, पारा चार-पाच अंशांवर येतो. ऊब ही चैन नाही. पण तुम्ही आत्ता अख्खी बैठक तापवताय, आणि गरज आहे ती एका माणसाला. 'कमी बिलाचा हीटर' असं मेळ्यात कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ब्लोअर असो, हॅलोजन असो, तेलाचा असो, एका युनिटमधून सगळे सारखीच उष्णता देतात. फरक फक्त ती कुठे जाते यात. ब्लोअरची हवा वर छताकडे जाते. क्वार्ट्झ किंवा हॅलोजनची ऊब समोर बसलेल्याला थेट लागते. एकच कांडी लावली तर चारशे वॉट, पाच तासांचे दोन युनिट, महिन्याचे साठ. सात रुपयांनी चारशेवीस रुपये. एकवीसशे कुठे, चारशेवीस कुठे! त्या साठात घर पुन्हा दीडशेच्या रेषेत बसेल असं नाही, पण बरंच जवळ येईल.

त्या कांडीचा दोष असा की ती लाल होते. शाल, पदर, रजाईचं टोक, वर्तमानपत्र तिच्यापासून तीन-चार फूट लांब हवं. समोर घट्ट जाळी हवी, आणि कलंडला तर आपोआप बंद होणारा स्विच हवा. माणूस जागं असेल तेव्हाच तो चालवायचा. झोपताना गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी आणि वर रजाई. दोन लिटर पाणी तापवायला साधारण एक-अष्टमांश युनिट लागतो. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी करून लावा, खिडकीला जाड पडदा. रात्रभर खोली गरम ठेवायचीच वेळ आली, आजारपण असलं, तर तेलाचा हीटर. बिल कमी येणार नाही, पण त्याचा पृष्ठभाग लाल होत नाही, थर्मोस्टॅट खोली तापली की थांबवतो.

बाबांनी बिलाला कंटाळून अंगीठी काढायची भाषा केली तर मात्र ठाम राहा. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचतो आपण. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच.

मेळा १९०५ पासून भरतोय, माधवराव शिंद्यांच्या काळापासून, आणि लष्कर भागातल्या किती घरांची पहिली फ्रिज-टीव्हीची खरेदी तिथलीच असेल. तुम्हालाही जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. जा, पण वायरिंगचं काम झाल्यावर. घेताना आयएसआयची खूण बघा, तिच्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये घालून तपासता येतो. दुकानदाराला पाच मिनिटं थांबायला सांगा आणि तिथेच तपासा. सवलतीच्या गर्दीत हेच राहून जातं.

आता वायरिंग. 'वाडा सामाईक, मग पैसे आम्ही का घालायचे?' हा प्रश्न तुमच्या घरातच नाही, ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या आसपासच्या कितीतरी घरांत आहे, आणि इंदूरच्या जुन्या वाड्यांतही, वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारातही. प्रश्न चुकीचा नाही. पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे: काम करायचं तर सगळ्या वाड्याचं, नाहीतर काहीच नाही. मधला रस्ता आहे. तुमचा मीटर तुमचा आहे. त्या मीटरपासून तुमच्या खोल्यांत दोन नव्या लाइनी ओढून घ्या, एक बैठकीच्या पॉवर पॉइंटला, एक न्हाणीघरातल्या गिझरला. अडीचची तांब्याची वायर, शेजारी अर्थची हिरवी वायर, प्रत्येकीला स्वतंत्र १६ चा एमसीबी, आणि सगळ्यांच्या आधी तो आरसीसीबी. भिंत फोडायची नाही, वरून पीव्हीसीची केसिंग पट्टी मारायची. उद्या वाटणीत खोल्या बदलल्या तर पट्टी काढून वायर घेऊन जाता येते. जुन्या लाइनवर मग दिवे, पंखे, टीव्ही एवढंच राहतं, आणि तेवढं ती निभावते. सगळं वायरिंग बदलणं हे उत्तम, पण या हंगामात, या दाव्यात, या बजेटात ते होणार नाही, हे मला दिसतंय. दोन लाइनी एका-दोन दिवसांत होतात.

काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, आणि सुरू करण्याआधी वायरचं बंडल हातात घेऊन बघा. वायरवर आकार आणि आयएस ६९४ छापलेलं असतं. दोन वेगवेगळ्या माणसांकडून अंदाज मागवा. आणि हो, त्याला आधी विचारा, 'आत्ता आमच्या खोल्यांना कितीची वायर आहे?' जो झाकण उघडून बघितल्याशिवाय उत्तर देईल, त्याला काम देऊ नका.

सामाईक म्हणून उरतो तो देवडीतला मीटरचा बोर्ड. जुन्या वाड्यांत चार-पाच घरांचे मीटर एकाच लाकडी फळीवर, लाकडी जिन्याच्या तोंडाशी असतात. तिथे काळा डाग, ठिणगी, चरचर दिसली-ऐकू आली तर ते तुमचं काम नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, १९१२ वर तक्रार करा आणि क्रमांक लिहून ठेवा. पण फळीवरचा पसारा, जिन्याखाली रचलेली रद्दी, जुनी गादी हे सगळ्या घरांनी मिळून एका रविवारी काढायचं. चुलत सासऱ्यांशी कोर्टाखेरीज बोलणं होत नसेल तर एवढ्या एका विषयावर बोला. जिना सगळ्यांचाच एक आहे.

नवऱ्याशी बोलताना एक सुचवू? 'तुम्ही चुकीचा एमसीबी बसवला' असं सुरू करू नका. त्यांनी घरातला रोजचा अंधार मिटवायचा प्रयत्न केला, हेतू चांगलाच होता. सॉकेट उघडलं जाईल तेव्हा त्यांना तिथे उभं करा. करपलेली तार त्यांनी डोळ्यांनी बघितली की पुढे फार बोलावं लागणार नाही. आणि 'उगीच घाबरतेस' याचं उत्तर द्यायच्या फंदात तुम्ही पडू नका. रोज पुसताना प्लग कोणाच्या हाताला लागतो? घरात कोणती वस्तू रोजच्यापेक्षा वेगळी वागतेय हे ती हाताळणाऱ्यालाच आधी कळतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हे पत्र जुन्या वाड्याचं म्हणून सोडून देऊ नये. नव्या इमारतीतही स्वयंपाकघरात एकाच पॉइंटवर ओव्हन, किटली आणि मिक्सर असतातच. महिन्यातून एकदा हा प्रयोग करा: जड उपकरण अर्धा तास चालू द्या, स्विच बंद करा, पिन काढा आणि प्लगच्या अंगाला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल तर सॉकेट बदला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा हीच कथा कूलर आणि एसीची. कूलर लोखंडी, आत पाणी, त्याला अर्थ आणि आरसीसीबी हवाच, आणि पाणी भरताना पिन काढलेली हवी. एसीला स्वतंत्र लाइन. तो चोवीसवर ठेवला तर बिलात फरक दिसतो, एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरोच सांगतं. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा, नवा, कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, तीस वॉटच्या आसपास. दिवसाचे पंधरा तास पंखा फिरतो त्या घरात महिन्याला वीस युनिट तिथेच वाचतात. नुसत्या लाल दिव्यावर ठेवलेला सेट-टॉप बॉक्स दहा वॉट घेत असेल तर महिन्याला सात युनिट जातात.

आणि कधी पेटलंच तर? पाणी टाकायचं नाही. आधी मेन बंद, म्हणून मेनपर्यंतची वाट मोकळी हवी आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, तो कुठे आहे ते माहीत हवं. आग विझवण्याचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर बैठकीच्या दारापाशी टांगा. आग विझवण्याची उपकरणं विकणाऱ्या दुकानात मिळतो, दर वर्षी त्याचा काटा हिरव्यात आहे का बघायचं. एका सिलिंडरनं आटोक्यात येत नसेल तर सासू-सासऱ्यांना घेऊन खाली उतरा, आणि १०१ किंवा ११२ लावा. रात्री तुमचा दिंडी दरवाजा कुलूप लावून बंद होत असेल, तर किल्ली ज्याच्या-त्याच्या उशाखाली नको. ती आतल्या बाजूला खिळ्यावर, अंधारात हाताला लागेल अशी हवी. सासूबाईंना जिना उतरायला किती वेळ लागतो ते एकदा दिवसा मोजून बघा.

सॉकेट बदलल्यावर आठ दिवसांनी सासूबाईंना विचारा, वास येतो का. नाही म्हणाल्या तर हीटर लावा. हो म्हणाल्या तर त्याच बोर्डात दुसरा एखादा जोड तापतोय, वायरमनला पुन्हा बोलवा, आणि या वेळी त्याच लाइनवरचे बाकीचे बोर्डही उघडून बघायला सांगा.